सुईचं टोक

नातीच्या बाळासाठी गोधडी शिवत होते. चार थर एकदम टोचायला गेले, सुई बोटात घुसली आणि कट्कन मोडली. मागचा तुकडा हातात राहिला. टोक कुठे गेलं ते कळेना.

रक्ताचा थेंब आला, पण दुखलं नाही. जन्मभर टोचून घेऊन त्या बोटाला घट्टा पडलाय. पोरी माझ्याकडे शिवण शिकायला यायच्या, टोचलं की ओरडायच्या. मी म्हणायचे, "ओरडता काय गं, बोट मेल्याशिवाय हात बसत नाही." माझं मेलं, तेव्हा मला अभिमानच वाटला होता.

सुनेने गोधडी चाचपून पाहिली. तिलाही काही लागलं नाही. पण टोक आतल्या थरात असलं तर वरून कसं लागणार?

"आई, द्या टाकून. बाजारातून दुसरी आणू," ती म्हणाली.

"टाकली तर कुणीतरी उचलेल आणि आपल्या लेकराखाली घालेल. त्याला काय पाठ नाही?"

सुनेने गोधडी माझ्याकडे सरकवली.

सोसणाऱ्या बाईचं लोक फार कौतुक करतात. पण ज्याला दुखायचं थांबलं, त्याला आपल्या हातून दुसऱ्याला काय टोचेल, हेही कळत नाही.

मी टाके उसवायला घेतले आहेत. दोन थर उलगडले, टोक सापडलं नाही. मधेच थांबून मी ते बोट जोरात दाबून पाहते. टोक बोटात असेल तर बाळ सुटलं. पुन्हा दाबते. दुख की मेल्या!