कुऱ्हाडींची मोळी

सुकवारोबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गोंदियाजवळ फुलचूरच्या माझ्या गोदामात धुपाची खोकी लावून घेत होते. फोन तिच्या मुलीचा, रमशीलाचा. "ताई, आई जेवली, सपरीत आडवी झाली, अन् उठलीच नाई..." एवढंच. मी हातातलं खोकं जागेवर ठेवलं, कुलूप लावलं आणि देवरीच्या गाडीत बसले. रडायला थांबले नाही. थांबले असते तर तीच म्हणाली असती, "गाडी चुकली तं पायी येसील का व?"

आमची ओळख सालईच्या डिंकामुळे झाली. चिचगडच्या पुढे जंगलात तिचं गाव, आणि गावाच्या डोक्यावर सालईची टेकडी. कागदासारखी साल सुटणारं हे झाड हिवाळ्यात पानं टाकून उघडं उभं राहतं. त्याच्या बुंध्याची साल बेताने तासली की मधाच्या रंगाचा डिंक पाझरतो. निखाऱ्यावर टाकला तर लिंबाची साल आणि ओलं लाकूड एकत्र जाळल्यासारखा वास येतो. मी त्याचा धूप करून विकते. चांगला माल अत्तरवाले नेतात, सांधेदुखीच्या औषधांनाही तो लागतो. दिवाळीनंतर कोणत्या घराने कोणती झाडं तासायची, हे सुकवारोबाई ठरवायची. तिला कोणी नेमलेलं नव्हतं. तिचा आवाज सगळ्यांत मोठा होता आणि तिच्याइतकं टेकडीवर कोणी हिंडत नव्हतं, एवढे दोन गुण पुरले.

ती साधीभोळी वगैरे मुळीच नव्हती. हिरव्या बांगड्यांची तिला भारी हौस आणि स्वतःची स्तुती स्वतःच करायची सवय. डिंकावर तर तिची श्रद्धा हद्दीबाहेरची होती. डोकं दुखलं, डिंक. कंबर धरली, डिंक. जावई रुसून बसला, तर त्याच्या नाकाखाली डिंकाचा धूर. माझा गुडघा सुजला तेव्हा तिने लेप पाठवला. मी डॉक्टरांच्या गोळ्याही घेत होते, हे तिला सांगितलं. गुडघा बरा झाला. "पाह्य कसा बसला पाह्य!" म्हणून तिने सगळ्या गावाला ऐकवलं. गोळ्यांचं नाव तिने शेवटपर्यंत निघू दिलं नाही.

पण हीच बाई एकदा मोठी चुकली, आणि तिच्याबद्दल लिहायचं तर ते लिहायलाच हवं. अत्तराच्या एका व्यापाऱ्याने माझ्याकडे जास्त मालाची मागणी केली. गावासमोरच्या उतरणीवरचा डिंक त्याला फार आवडला होता. मी निरोप तिच्यापर्यंत पोचवला. घाव किती घालायचा ते तिने ठरवलं. "रुंद तासा, खोल तासा, झाड देऊन राहिलं तं घ्या," तिने घरोघर सांगितलं. झाडांनी दिलंही. पुढचा आषाढ लागला तरी समोरच्या उतरणीवर पालवी फुटेना. काही झाडं वाऱ्याने मोडली, आणि मोडलेल्या जागी आतून भुसा निघाला.

मी गेले तेव्हा ती सपरीत, घरापुढच्या ओसरीत, गप्प बसली होती. सुकवारोबाई गप्प, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग ती उठली आणि प्रत्येक घरी गेली. "सांगतलं मी होतं. चुकलं माह्यं. कुऱ्हाड दे." डिंकाची कुऱ्हाड वेगळी असते, लहान आणि अरुंद पात्याची. तिने काही सरपण फोडत नाहीत. समोरच्या उतरणीवर तासणाऱ्या सगळ्या घरांच्या कुऱ्हाडी तिने आणल्या, वर आपली ठेवली, पळसाच्या मुळांच्या दोराने त्यांची मोळी बांधली आणि सपरीतल्या खुंटीला टांगली. झाडांचे घाव भरेपर्यंत ही मोळी सोडायची नाही. मागच्या उतरणीवर बेताने काम चालेल, समोरची विसावा घेईल.

तिच्या शेजारचा महागू हा गावातला जिभेने तिखट माणूस. तो भर सपरीत म्हणाला, "काकी, झाडाले सुट्टी देता, मले कई देता?"

"तू काम करतेस कई गा, सुट्टी मांगाले?"

लोक हसले. महागूने हट्ट सोडला नाही. "देवरीच्या बाजारात दुसरी कुऱ्हाड नाई भेटत का?"

"भेटते ना. घे. मंग ते खांद्यावर घेऊन माह्या ह्याच सपरीसमोरून जा."

टेकडीची वाट तिच्या दारावरूनच जाते. दुसरी कुऱ्हाड कोणी आणली नाही. महागूने मात्र तेव्हापासून येता-जाता मोळीला रामराम घालायचा चाळा लावून घेतला. "काय म्हणते काकीचा देव?" असं तो विचारायचा, आणि ती त्याला चप्पल दाखवायची.

आमची शेवटची भेट पोळ्याच्या सुमारास झाली. ती मला समोरच्या उतरणीवर घेऊन गेली. बरीच झाडं हिरवी झाली होती. जुन्या घावांच्या कडा ओठ मिटावेत तशा आत वळत होत्या. एका घावात तिने अंगठा घातला, पेरापर्यंत. "पाह्य, आंगठा जाते अजून." दुसऱ्या झाडाजवळ जाऊन तेच. तिची परीक्षा एवढीच होती. अंगठा जाणार नाही त्या वर्षी मोळी सुटणार. आपल्यामागे काय करायचं, याबद्दल ती काही बोलली नाही. मरायचा तिचा विचारच नव्हता. खाली उतरल्यावर तिने मला मोबाइलचा चार्जर, हिरव्या बांगड्या आणि जिलेबी आणायला सांगितली. "ताजी आण जो. मागच्या बारीसारखी नोको." मी तिच्यासमोर लिहून घेतलं... चार्जर आणि बांगड्या अजून माझ्या कपाटात आहेत.

दिवाळी झाली आणि त्या व्यापाऱ्याचा फोन आला. बाई गेल्याचं त्याला कळलं होतं. वाईट वाटलं म्हणाला, आणि लगेच विचारलं, "तो अब सामने वाला माल मिलेगा?" मी त्याला गावाला विचारून सांगते म्हटलं. मोळी सोडू नये, हे माझं मत पक्कं होतं. पण टेकडी माझी नाही, आणि गोंदियाहून जाऊन कोणाची कुऱ्हाड मी अडवू शकत नव्हते. मागचे हंगाम घरांना ओढाताणीचे गेले होते, हेही मला दिसत होतं. मोळी सुटली असती तर पहिल्याच हंगामात ती उतरण उभी वाळली असती.

सगळे तिच्याच सपरीत जमले. मी मागणी सांगितली आणि माझं मतही सांगितलं. सगळ्यांची नजर खुंटीकडे होती. एक जण पुटपुटला, "बांधणारीच नाई रायली, मंग कायले ठेवाची?" रमशीला खाली मान घालून बसली होती. तेवढ्यात महागू टेकडीच्या वाटेने आला, चप्पल झाडून सपरीत चढला आणि थेट मोळी खुंटीवरून उतरवली. रमशीला म्हणाली, "महागूदादा..."

"थांब व." त्याने मोळी मांडीवर घेतली, दोराची गाठ सोडली. पाती एकमेकांवर खणखणली. मग त्याने दोर ओढून पुन्हा आवळला, आधीपेक्षा एक वेढा जास्त घातला आणि दात लावून गाठ पक्की केली.

"ढिला झाला होता," तो म्हणाला. "पडली असती कोनाच्या पायावर." मोळी खुंटीला लावून त्याने उजवा हात सगळ्यांसमोर धरला. अंगठा डिंकाने चिकट झाला होता. "आताच पाहून आलो. जाते अजून."

व्यापाऱ्याला मी तिथूनच फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. महागू त्या खुंटीखालीच बसून राहिला. दुपारचं ऊन सपरीत आलं होतं. उन्हाने पात्यांवरचा जुना डिंक मऊ झाला की त्या मोळीला वास सुटतो... लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा, सुकवारोबाईच्या पदराला नेहमी यायचा तोच. महागूने वर पाहिलं. "हो काकी, हो," तो म्हणाला, "बांधली ना."