चाळीस झाडे आणि चिमूटभर माती

साताऱ्याच्या स्टँडवर मी बुटांचा रिकामा खोका घेऊन उभा होतो. शेजारच्या गृहस्थांनी दोनदा खोक्यात डोकावून पाहिले, तेव्हा मीच सांगून टाकले, "निवडुंग आणायला चाललोय. वसईला." ते हळूच उठून पलीकडच्या बाकावर जाऊन बसले. आमच्याकडे बांधावरचा निवडुंग कोयत्याने तोडून टाकतात. तो आणायला कोणी दोन एसट्या बदलून जाईल, हे त्यांना पटले नसावे. माझ्या बायकोलाही अजून पटलेले नाही.

कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालो आणि हे वेड लागले. गॅलरीतल्या बहुतेक कुंड्या वसईच्या मंदाताईंकडून कुरियरने आलेल्या आहेत. त्यांच्या प्रत्येक पार्सलात झाडाबरोबर वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली चिमूटभर माती असे. चुकून राहिली असेल, असे समजून मी ती दर वेळी कचऱ्यात टाकत आलो. या खेपेला मात्र ताई फोनवर म्हणाल्या होत्या, "भाऊ, थायलंडहून नवी झाडं येताहेत. तुम्हीच या नि हाताने निवडून न्या."

ठाण्याला गाडी बदलून वसईत उतरलो तेव्हा दुपार झाली होती. रिक्षावाला जवळच्याच जूचंद्र गावचा निघाला. पत्ता ऐकताच म्हणाला, "काटेवाल्या आजींकडं ना? बसा काका. पयले पानाचे वेल होते त्यांचे. विहिरीचं पानी खारं झालं, मंग सगलं गेलं." किल्ल्याकडे जाणारा रस्ता मागे पडला, चर्च गेले, देऊळ गेले आणि दोन्ही बाजूंना केळी सुरू झाल्या. एका जुन्या भिंतीच्या फटीतून फड्या निवडुंग हातभर बाहेर आला होता. त्याचे मूळ अमेरिकेतले, हे मी पुस्तकात वाचले होते. तो कुठले कागद दाखवून इथे आला असेल, हा प्रश्न तेव्हा मला सुचलाही नाही.

मंदाताईंची वाडी (घराभोवतीची बागायत) पाहून मी खुळावलो. एके काळी पानवेली चढायच्या त्या मांडवाखाली आता निवडुंगांच्या कुंड्या रांगेने बसल्या होत्या. मखमलीसारखा दिसला म्हणून एकाला हात लावला आणि बोटांत केसाएवढे शेकडो काटे शिरले. सत्तरीच्या मंदाताईंनी चिकटपट्टी आणली, बोटाला लावली आणि खसकन ओढली. आमची प्रत्यक्ष ओळख झाली ती अशी.

मग सुकेळी (उन्हात वाळवलेली राजेळी केळी) आणि चहा आला, आणि त्याबरोबर वाईट बातमीही.

"झाडं आली नाहीत, भाऊ," ताई म्हणाल्या. "विमानतळाजवळ अडकलीत. आज चौथा दिवस."

त्यांची सून श्वेता फाइल घेऊन बाहेर आली. ती राजापूरची, बँकेत नोकरीला. झाडांची सगळी लिखापढी तिच्याकडे. "काका, चाळीस मदर मागवली होती," ती म्हणाली. मदर म्हणजे ज्या झाडाला कापून पुढची कलमे करतात ते झाड. ही चाळीस आली तर पुढची कित्येक वर्षे वाडीत नवी कलमे होणार होती. नाही आली तर? दिवाळीपर्यंत कलमे उभी राहिली नाहीत, तर वाडी सोडून विरारच्या फ्लॅटमध्ये राहायला येईन, असा शब्द ताईंनी मुलाला दिला होता.

"आणा ती फाइल," मी म्हटले. उभे आयुष्य मी दुसऱ्यांच्या कागदांत चुका काढल्या होत्या. निवडुंगाचे कागद ते काय असणार!

तासाभरात माझे डोके गरगरू लागले. झाडे मागवण्याआधी घ्यायचा आयात परवाना. झाड निरोगी असल्याचा तिकडच्या सरकारचा दाखला. झाड जंगलातून उपटलेले नसून नर्सरीत वाढवलेले आहे, याचा वेगळा दाखला. तो मिळाला म्हणून इकडून आणखी एक. कुठला कागद कुठल्या कागदाचा बाप आहे, तेच कळेना. आणि गंमत अशी, की सगळे कागद होते! झाडांची नोंद चाळीस म्हणजे चाळीसच, शिक्के जागच्या जागी. झाडे अडवणाऱ्या तपासणी कार्यालयाच्या पत्रात मात्र 'परवान्याच्या अटीचा भंग' एवढेच लिहून पुढे एक आकडा टाकला होता. परवान्याच्या मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, त्या आकड्यापुढे लिहिले होते की झाडांबरोबर माती असता कामा नये.

"मुळं धुतल्याचे फोटो आहेत," श्वेता म्हणाली. मी पाहिले. मुळे अगदी पांढरीशुभ्र.

"मग त्यांचीच चूक," मी ठणकावून सांगितले. "उद्या मी बोलतो."

दुसऱ्या दिवशी श्वेताच्या गाडीतून आम्ही तिघे त्या कार्यालयात पोचलो. मी खिडकीशी जाऊन कागद एकेक करून मांडले. आतला अधिकारी तरुण होता, पण शांत. त्याने सगळे वाचले.

"कागद बरोबर आहेत. पेटीत काय आहे ते पाहिलंत का?"

त्याने संगणक आमच्याकडे वळवला. फोटोत धुतलेल्या चाळीस झाडांच्या मधोमध फडक्याची एक छोटी पुडी होती. सोडलेली. आत तांबूस माती.

"ही कुठून आली?" श्वेता ओरडलीच.

"मी मागितली," मंदाताई म्हणाल्या.

थायलंडच्या नर्सरीवाल्या बाईंशी व्हिडिओ कॉलवर झाडे ठरली होती. एकीची भाषा दुसरीला कळत नव्हती. श्वेता चहा टाकायला आत गेली तेव्हा ताईंनी ओंजळीत माती घेऊन कॅमेऱ्यासमोर धरली आणि मग एका झाडाच्या मुळाशी टेकवली. त्या बाई हसून मान डोलावत राहिल्या होत्या.

"आमच्याकडे केळीचं रोपसुद्धा तसंच देत नाहीत, साहेब. माहेरची माती बरोबर गेली की झाड नव्या जागी रुसत नाही. तिला न सांगता समजलं म्हणून मला किती आनंद झाला होता."

घरी कचऱ्यात टाकलेल्या सगळ्या पुड्या एकदम आठवल्या.

"आजी, मातीतून कीड येते, बुरशी येते," अधिकारी समजावू लागला. "एवढ्याशा पुडीतून तुमचीच वाडी उजाड होईल. झाडं एक तर नष्ट करायची, नाही तर परत पाठवायची. बाकी माझ्या हातात काही नाही."

मी भांडायला म्हणून आलो होतो. पण कोणाशी भांडू? त्याचे बरोबर होते. ताईंचेही बरोबर होते. त्या थायलंडच्या बाईने तर प्रेमाने केले होते. चूक झाली होती, एवढे नक्की. पण ती कोणाच्या नावावर लिहायची, हे मला तेव्हा कळले नाही आणि आजही कळत नाही.

"परत पाठवा. जाळू नका," ताई म्हणाल्या आणि सही केली.

परतताना खाडीचा पूल ओलांडला. मग श्वेता म्हणाली, "आई, पुन्हा अर्ज करू. फक्त दिवाळीच्या आत होणार नाही."

"मग शब्द तो शब्द," ताई म्हणाल्या आणि बाहेर पाहू लागल्या. सासू-सुना मग त्यांच्या घरच्या बोलीत काही बोलल्या. ते मला समजले नाही आणि मी विचारलेही नाही.

सकाळी निघताना ताईंनी माझ्या खोक्यात एक झाड ठेवले. वाडीतला पहिला निवडुंग, त्याच्यापासून बाकीचे झाले. मुळे धुऊन स्वच्छ केली होती. मी कागद उचलून खाली पाहिले. पुडी नव्हती.

"ताई, माती?"

"नको हो भाऊ. वाटेत कुठे अडवलं तर?"

"साताऱ्याला जायला कोण अडवणार?"

"तरी नको," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

रिक्षा फाटकाशी उभी होती. मी वाकलो, पानवेलींच्या जुन्या मांडवाखालची मूठभर माती घेतली आणि रुमालात बांधली. काट्यांनी दुखावलेली बोटे चांगलीच चुरचुरली. घरी येऊन झाड लावले, मुळाशी ती माती घातली. बायकोने विचारले, हे काय नवीन? मी सगळे सांगितले.

वाटेत मला कोणीही अडवले नाही.