कळसाडीचे पाणी आणि अक्कलकुव्याचे मासे

‘आमचे साडूभाऊ दोन कॅन खारे पाणी घेऊन अक्कलकुव्यास निघाले, दारूच्या संशयावरून त्यांना बसमधून उतरवण्यात आले, आणि पोहोचल्यावर त्या पाण्याने त्यांनी मन्सूरभाईंच्या माशांचे हाल केले. पिवळ्या मादीने तेव्हापासून अन्न टाकले आहे. हा मजकूर छापून येईपर्यंत ती बहुधा गेलेली असेल.’

हे आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या स्मरणिकेत ‘माझे आदरातीथ्य’ या मथळ्याखाली सुकलालरावांनी लिहिले आहे. सुकलालराव माझे साडू. अक्कलकुव्यात शुद्ध केलेल्या पाण्याचे जार पुरवण्याचा त्यांचा व्यवसाय आहे. हा तपशील त्यांच्या लेखात नाही, म्हणून मी देतो. मथळ्यातच ‘ति’ला दीर्घ वेलांटी देणाऱ्या गृहस्थाकडून मी सत्याची अपेक्षा ठेवली नव्हती, परंतु स्मरणिका घरोघरी जाते, आणि आमच्या लोणखेड्यात आता मला वाटेत अडवून माशांबद्दल सांत्वन केले जाते. म्हणून त्या प्रवासाचा खरा वृत्तान्त लिहिणे भाग आहे.

मन्सूरभाई अक्कलकुव्यास महामार्गाच्या कडेला ट्रकच्या गाद्या आणि सीटकव्हर शिवतात. काम होईपर्यंत थांबलेल्या ड्रायव्हरांना पाहायला काहीतरी असावे म्हणून त्यांनी दुकानात मोठी काचपेटी बसवली आणि मासे निवडायला मला सुरतेस नेले, कारण सेवानिवृत्तीपासून मी घरी मासे पाळतो. त्यांचा डोळा कपाळावर टेंगूळ असलेल्या, नशीब उघडणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या माशावर होता. मी नकार दिला. तो मासा पेटीत दुसऱ्या कोणालाही जगू देत नाही; जन्मभर एकटा राहून काचेबाहेरच्यांवर डोळे वटारतो. अशी मंडळी आपल्या तालुक्यात विनामूल्य उपलब्ध आहेत. मी त्याच कुळातले, सिक्लिड कुळातले, आफ्रिकेतल्या खडकाळ सरोवराचे निळे आणि पिवळे मासे निवडले. भांडखोर तेही असतात. मात्र संख्या भरपूर आणि दगडांच्या कपारी त्याहून भरपूर ठेवल्या की राग सर्वांत वाटला जातो आणि कोणी मरत नाही. एकच चांगली कपार ठेवली तर तिच्यासाठी सारी पेटी फुटते. खुर्च्या कमी ठेवून शांततेची भाषणे करणाऱ्यांनी एकदा सिक्लिड पाळून पाहावेत.

या माशांना जड, क्षारांचे पाणी लागते. हे मी मन्सूरभाईंना बजावून सांगितले होते. माझी पाठ फिरताच सुकलालरावांनी मैत्रीखातर आपले क्षार काढलेल्या पाण्याचे जार पाठवायला सुरुवात केली, आणि मासे मरू लागले.

‘‘गुरुजी,’’ मन्सूरभाई फोनवर म्हणाले, ‘‘मोठा निळा गेला. दुसरा आडवा पडेल शे (पडला आहे). घरात म्हणतात, आणखी एक गेला की पेटी बाहेर, तिथं रेक्झिनचे गठ्ठे उभे करायचे.’’

‘‘पाणी कोणते घालता?’’

‘‘सुकलालशेठचं. एकदम मिनरल. ते म्हणतात, पाणी बरोबर शे, गुरुजींनी मासेच चुकीचे निवडले.’’

मी त्याच दिवशी निघालो.

प्रथम गेलो कळसाडीस, माझ्या शेतावर. तेथल्या बोअरचे पाणी पंचक्रोशीत बदनाम आहे. त्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि तांब्या आठवड्यात आतून पांढरा होतो. त्या पाण्याचे दोन कॅन भरले, पिशवीत चुनखडीचे खडे घेतले आणि शहाद्याला अक्कलकुव्याची बस धरली.

प्रकाशा गाव मागे पडले तरी दोन्ही बाजूंना ऊस होता. उजवीकडे सातपुडा निळसर आणि अंग चोरून बसल्यासारखा दिसत होता. फुटलेल्या कापसाच्या शेतांत वेचणाऱ्या बायकांच्या पाठी तेवढ्या दिसत. अशा दृश्यात मन रमू लागले असतानाच एका खड्ड्यावर कॅनचे झाकण उडाले आणि शेजारच्या गृहस्थांची पादत्राणे भिजली. कंडक्टरबाई आल्या.

‘‘कॅनमा काय शे, बाबा?’’

‘‘पाणी.’’

‘‘पानी घीसन (घेऊन) अक्कलकुव्याले? तठे पानी नही का?’’

‘‘आहे. फार चांगले आहे, म्हणूनच हे न्यावे लागते.’’

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडले, ‘‘बाबा गुजरातकडे जाई ऱ्हायना, मंग ते पानीच ऱ्हाई (असेल)!’’ सारी बस हसली. पलीकडे दारूबंदी आहे आणि या रस्त्याने कोणते पाणी जाते हे बसला ठाऊक होते. डोंगरातले एक वृद्ध गृहस्थ मांडीवर गाठोडे घेऊन समोर बसले होते. त्यांनी तपासणीचे काम आपणहून स्वीकारले. ओंजळ पुढे केली, चाखले, तोंड कडू केले आणि माझ्याकडे मोठ्या करुणेने पाहून म्हणाले, ‘‘पाणीच आहे. पण बाबा, एवढ्या लांब न्यायचं, तर दारू तरी न्यायची.’’

बाईंनी कॅनचेही भाडे धरून मला तिकीट दिले. मला कोणीही उतरवले नाही. तळोद्यास मी स्वतः उतरलो, मिरचीची भजी खाल्ली, चहा घेतला आणि त्याच बसमध्ये त्याच जागेवर येऊन बसलो. सुकलालरावांना ‘उतरणे’ आणि ‘उतरवणे’ यांतील भेद शालेय वयात समजला नसावा. तो मी आता विनामूल्य समजावला आहे.

अक्कलकुव्यास दुकानात शिरलो तर पेटीतले पाणी इतके निर्मळ की ते आहे हेच कळेना. मासे वर येऊन तोंडे वासत होते. कपारींसाठी ठेवलेले माझे दगड काढून एक प्लास्टिकचा किल्ला बसवला होता, आणि पाण्यावर शेव तरंगत होती. खुर्चीत सुकलालराव होते.

‘‘साडूभाऊ, ह्या पानीवर मानूस शंभर वरीस जगस (जगतो).’’

‘‘माणूस जगेल. माशांना विचारले का?’’

‘‘मासा काय बोलस का?’’

‘‘मोठा निळा मेला, ते बोलणेच होते. आणि ही शेव कोणाची?’’

‘‘फरसाण मी स्वतः आननं (आणले). ताजं शे.’’

आतून झुलेखाभाभी चहा घेऊन आल्या. त्या मन्सूरभाईंच्या पत्नी आणि पेटीच्या पहिल्या दिवसापासूनच्या विरोधक. म्हणाल्या, ‘‘गुरुजी, यांनी मासे नाही पाळले, रोजची मय्यत पाळली. गिऱ्हाईक येतं, आडवा मासा बघतं, म्हणतं अपशकुन आहे, आणि पुढच्या दुकानात जातं. आता हे उचला, नाहीतर मी उचलते.’’

 हातातल्या कात्रीने मन्सूरभाई रेक्झिनचा एकच तुकडा बारीक बारीक कापत होते. या माणसाने उभ्या आयुष्यात स्वतःच्या हौसेसाठी घेतलेली ही एकमेव वस्तू होती, आणि ती निवडीत चुकली असेल तर चूक माझी होती.

मी शेव उपसली, किल्ला काढला, दगड परत रचले, मध्ये चुनखडीचे खडे पेरले. माशांना एकदम बदललेले पाणी मानवत नाही. म्हणून कॅन स्टुलावर ठेवून बारीक नळीला गाठ मारली आणि कळसाडीचे पाणी थेंबाथेंबाने सोडले. सुकलालराव वरचेवर डोकावत होते. ‘‘मरना का (मेला का)?’’ एवढाच त्यांचा प्रश्न होता. मी थेंब मोजत होतो.

दुसरा कॅन संपत आला तेव्हा आडवा पडलेला निळा सरळ झाला. एका कपारीपाशी गेला, आत शिरला, आणि तिथे आधीच बसलेल्या माशाला त्याने शेपटीला चावून बाहेर हाकलले.

‘‘गुरुजी!’’ मन्सूरभाई ओरडले. ‘‘मारामारी! मारामारी सुरू झाली!’’

रस्त्यावरून दोन ड्रायव्हर धावत आत आले. त्यांना मासे दाखवण्यात आले. भाभी म्हणाल्या, ‘‘भांडायचंच होतं तर माणसं कमी होती का?’’ तरी त्या तेथेच उभ्या राहून पाहत होत्या.

मुक्काम सुकलालरावांकडे होता. सौजन्याने सांगतो की त्यांच्या घरी डाळ उत्तम शिजते. परतीच्या बसमध्ये रिकामे कॅन पायाशी गडगडत होते आणि मी विचार करत होतो, की शुद्ध म्हणजे चांगले, ही समजूत माणसाने स्वतःपुरती ठेवली असती तर हरकत नव्हती. पण जे आपल्याला मानवते ते दुसऱ्यावर ओतायचे, त्याला आदरातिथ्य म्हणायचे, आणि तो आडवा पडला की त्याची जातच वाईट ठरवायची, ही रीत मी पाण्याखेरीज इतरत्रही पाहिली आहे.

पुढे पिवळीने अन्न टाकले, हे खरे. या एका वाक्यात सुकलालरावांनी खोटे लिहिले नाही. मन्सूरभाईंचा फोन आला तेव्हा मला भीती वाटलीच नाही, असे लिहिण्याइतका मी सुकलालराव नाही. ती कोपरा धरून होती, गळा फुगलेला होता, दाण्याकडे पाहत नव्हती. सुकलालरावांनी बाजारभर सांगितले, भाभींनी रेक्झिनसाठी जागा मोजली, आणि स्मरणिकेत मृत्युलेख आगाऊ छापून आला. मी मन्सूरभाईंना एवढेच सांगितले, की तिला हात लावू नका, हलवू नका, आणि भाभींना माझ्या शब्दावर थोडे थांबायला सांगा. भाभी थांबल्या.

काल त्यांनीच फोन करून मला पडद्यावर पेटी दाखवली. पिवळी कोपऱ्यातून पुढे आली होती. अंडी उबवण्यासाठी इतके दिवस मिटून धरलेले तोंड तिने दगडाजवळ येऊन उघडले.

तिच्या तोंडात पिल्ले होती.