चार बोटं जागा

माझ्या मामेसासऱ्यांच्या घरी बसायला गेलेला माणूस पट्टा बांधून घेतल्याशिवाय परत आला, असं मिरकरवाड्यापासून भाट्याच्या खाडीपर्यंत एकही उदाहरण नाही. बंदरावर मालाची मापं घेण्यात माझं आयुष्य गेलं आहे, तेव्हा हे विधान मी विचार करून करतो आहे. त्यांच्या ओटीवर सागवानी झोपाळा होता आणि त्या झोपाळ्याला जुन्या शिडाच्या कापडाचा, आत सावरीचा कापूस भरलेला, रुंद पट्टा होता. पाहुणा टेकला रे टेकला की मामा आतून येत, पट्टा त्याच्या मांडीवरून घेऊन पितळी कडीत अडकवत आणि मग उजव्या हाताची चार बोटं सपाट धरून पट्टा आणि पोट यांच्यामध्ये घालून बघत. "चार बोटं," ते म्हणत, "तीनच गेली तर माणूस गुदमरतो. पाच गेली तर सुटतो." मग पायाने एक रेटा देत. माडांच्या शेंड्यांवरून समुद्र हळूहळू वर येई, तसाच हळूहळू खाली जाई, आणि पाहुणा कशासाठी आला होता ते दोन-चार हेलकाव्यांत विसरून जाई. शेजारचे एक गृहस्थ हद्दीच्या दगडी गडग्यावरून भांडायला म्हणून आले होते, ते तासभर तिथेच झोपले, आणि उठल्यावर चहा पिऊन घरी गेले. गडगा आजही तिथेच आहे.

माझं लग्न त्याच झोपाळ्यावर ठरलं. माझी बायको लहानपणापासून मामांकडे वाढलेली, त्यामुळे मुलगी बघायला मी तिथेच गेलो होतो. बसल्याबरोबर मामांनी मला बांधलं. पोह्यांची बशी समोरच्या चौरंगावर ठेवलेली. मी वाकलो की पट्टा मागे खेची आणि मागे टेकलो की बशी लांब जाई. मी संकोचाने म्हटलं, "जरा सैल केला तर पोहे घेता येतील." मामा म्हणाले, "पोहे सांडले तर दुसरे करता येतील. जावई सांडला तर काय करायचं?" आतून मामींचा आवाज आला, "अहो, त्यांना सोडा आधी आणि मग विचारा! बांधून ठेवून हो म्हणवलंत असं व्हायला नको." मला सोडल्यावर मी हो म्हटलं, ही गोष्ट मामी पुढे प्रत्येक मंगळागौरीला आवर्जून सांगत.

बसण्याची कुठलीही वस्तू मामांच्या नजरेतून सुटत नसे. बैलगाडीत ते स्वतःला साटीशी बांधून घेत. गावात मोटारसर्व्हिस नवीनच सुरू झाली होती, तेव्हा ते आपला पट्टा काखेत मारून मोटारीत चढले आणि बाकाला बांधू लागले. मोटारवाला वैतागून म्हणाला, "अहो तांडेल, ही मोटार आहे, बोट नव्हे." "म्हणूनच," मामा म्हणाले, "बोटीतून पडला तर खाली पाणी असतं." पुढच्या वळणावर मोटारीने अशी उसळी घेतली की एक वकीलसाहेब समोरच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर जाऊन बसले. मामा मात्र जागच्या जागी, डोळे अर्धवट मिटून, बाहेरचे काजू बघत होते.

ह्या सगळ्याचं मूळ परमुलखातलं होतं. मामा तरुणपणी मोठ्या आगबोटींवर तांडेल, म्हणजे खलाशांच्या टोळीचे म्होरके, होते, आणि जर्मन लढाई संपल्यावर त्यांची बोट विलायतेच्या एका बंदरात बरेच दिवस अडकून पडली होती. तिथे किनाऱ्याला लागूनच करमणुकीचं मैदान होतं आणि त्यात एक लाकडी डोंगर होता. डोंगर म्हणजे नुसता सांगाडा, वासे आणि तुळया, आणि त्यावरून रूळ. छोट्या गाड्यांची माळ साखळीने खडखडत वर नेत आणि माथ्यावरून सोडून देत. "मेल्यांनी लोकांचे पैसे घेऊन त्यांनाच कड्यावरून लोटायचं, असा तो धंदा," मामा सांगत. ते आणि बोटीवरचा स्वयंपाकी, हर्णेचा, चांगला हंड्यासारख्या पोटाचा, एकाच बाकावर बसले. दोघांच्या पुढ्यात मिळून एकच लोखंडी दांडा ओढला, तो स्वयंपाक्याच्या पोटावर येऊन थांबला. मामा काटकुळे. दांडा आणि त्यांच्यामध्ये वीतभर अंतर राहिलं. गाडी माथ्यावरून खाली सुटली तेव्हा स्वयंपाकी गाडीबरोबर गेला आणि मामा होते तिथेच राहिले.

"म्हणजे?" मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं होतं.

"म्हणजे बाक खाली गेला. मी वर. खाली काय नाय, हातात काय नाय. समोर सगळा समुद्र. सकाळची वेळ, ऊन पडलेलं, आवाज कसला नाय." इथे मामा थांबत आणि त्यांची नजर माडांवरून पलीकडे जाई. त्या एका क्षणाबद्दल याहून जास्त ते कधीच बोलले नाहीत. तो त्यांना आवडला होता की त्याची त्यांनी धास्ती घेतली होती, हे त्यांच्या तोंडाकडे बघून कळत नसे. मग दांडा मांडीवर आपटला, आठवडाभर काळानिळा डाग होता, एवढं सांगून ते निष्कर्षावर येत. "दांडा लोखंडाचा होता, मजबूत होता. पण तो सगळ्यात जाड्या माणसाला धरतो. बाकीचे नुसते त्याच्या सोबतीला. ज्याचा त्याला पट्टा पायजे, मऊ पायजे, आणि चार बोटं जागा पायजे."

मिरजोळ्याच्या वाटेवरच्या माळावर जत्रेत देशावरचा एक पाळणेवाला चार पेट्यांचा लाकडी आकाशपाळणा घेऊन येई. पेटीत चार माणसं बसवायची आणि त्यांच्या पुढ्यात एक आडवा बांबू खोचायचा, अशी त्याची पद्धत. एका वर्षी मामा दुपारपासून त्या पाळण्यासमोर उभे होते. शेवटी त्यांनी विचारलं, "ह्या बांबूनं कोण धरला जातो?"

"समदे धरत्यात की!"

"जाडा धरला जातो. ती कडेची पोर बघ, बांबूखालून कोंबडी जाईल."

"आवो काका, बापाच्या टायमापास्नं फिरतोय ह्यो पाळना. येक मानूस पडला न्हाई."

"पडला नाय म्हणजे धरलेला होता असं नव्हे," मामा म्हणाले आणि घरी जाऊन एका पेटीपुरते चार पट्टे घेऊन आले. पाळणेवाला आधी हसला. पण पट्ट्याच्या पेटीत बसायला रांग लागली, ज्यांनी जन्मात पाळण्याकडे मान वर करून पाहिलं नव्हतं अशा बायकासुद्धा रांगेत आल्या, तेव्हा तो मामांना 'मालक' म्हणू लागला. एकच अडचण झाली. बायकांच्या पट्ट्यात चार बोटं कोण घालणार? मामांनी मामींना बोलावून घेतलं. मामी पदर खोचून पेटीपाशी उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत गावातल्या सुना-सासवांची जागा तपासत राहिल्या. एका सासूबाईंना म्हणाल्या, "श्वास सोडा हो काकी, पोट आत घेऊन मला फसवू नका." दिवसभर त्यांनी सगळ्यांना वर पाठवलं. स्वतः मात्र बसल्या नाहीत. पाळणेवाल्याने फुकट बसवतो म्हटलं तरी नाहीत.

त्याला कारण होतं. नवी नवरी असताना मामी मामांबरोबर मुंबईला निघाल्या होत्या. आपल्याकडे बोट धक्क्याला लागत नाही, बाहेर खोल पाण्यात उभी राहते. पडावातून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेने पडाव वर उचलला की त्या क्षणी शिडीवर पाय टाकायचा. मामींनी पाय टाकला आणि पडाव खालून निघून गेला. एका खलाशाने मनगट धरलं म्हणून वाचल्या, बांगड्या मात्र पाण्यात गेल्या. त्याच पडावातून त्या परत आल्या, त्या पुन्हा कधी पाण्यावर गेल्या नाहीत. नवरा सात समुद्र फिरत होता आणि त्या ओटीवरून समुद्राकडे बघत होत्या. घरात ह्या गोष्टीचा उच्चार कुणी करत नसे. पण मामांचे पट्टे कुणाच्या मापाने सुरू झाले असतील, हे मला पुढे कळलं.

त्या जत्रेच्याच वर्षी वैशाख संपत आला असताना मुंबईहून निरोप आला. मामांच्या मुलीचे दिवस भरत आलेले, घरात पहिलं लहान मूल, आणि सासू पाय मोडून अंथरुणात. तिला माहेरी पाठवणं शक्यच नव्हतं. आई आली तर बरं होईल, एवढंच तिने सांगून पाठवलं होतं. पावसाळ्यासाठी बोटी बंद व्हायला थोडेच दिवस उरले होते. घाटातल्या मोटारीचं तर नावच नको. बैलगाडीतसुद्धा मामींना भोवळ येई.

"मी चालत जाईन," मामी म्हणाल्या.

"मुंबईला?"

"मग काय, रस्ता नाय तिकडे?" आणि पदर तोंडाला लावून त्या आत गेल्या.

मामा त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपली स्वतःची रुंद खुर्ची अंगणात आणली, चारी पायांना दोर घेऊन ते वर एका कड्यात गुंफले, पाठीला गोधडी शिवली आणि आजवर केला नव्हता इतका मऊ पट्टा केला. बोटीवरचा सारंग, खलाशांचा मुख्य, त्यांचा जुना सोबती. ज्या यारीने तांदळाची पोती बोटीवर उचलतात, त्याच यारीने खुर्ची उचलून घ्यायची असं ठरलं. शिडीही नको आणि पायही टाकायला नको. आधी फणसाच्या फांदीवरून तांदळाचं पोतं वर-खाली झालं, मग माझी बायको झाली. शेवटी मामी खुर्चीत बसल्या, खुर्ची जमिनीवरच ठेवून. पट्टा लागला. त्यांनी स्वतःच चार बोटं घालून पाहिली. "बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मामांनी मोठा श्वास सोडला. मामींनी एकटीने जायचं आणि मामांनी मागे राहायचं असं ठरलं होतं, कारण गाय व्यायची होती.

निघायच्या दिवशी समुद्राला फुगोटी होती, लाटा उंच येत होत्या. आम्हां पोचवणाऱ्यांनी भरलेला पडाव बोटीच्या अंगाला लागला आणि वर-खाली होऊ लागला. मामी डोळे मिटून खुर्चीत बसल्या. मामांनी पट्टा घेतला, ओढला, पण कडी काही कडीला भेटेना. चांगली वीतभर कमी पडत होती.

"काल तर लागला होता," मामा पुटपुटले. मग त्यांनी नीट बघितलं. "अगो, कमरेला काय बांधलंस?"

"डिंकाचे लाडू."

"लाडू?"

"आणि थोडे अळीव. आणि आमसुलं. खलाशी सामान पाण्यात टाकतात, मी बघितलंय. माझ्या बांगड्या कुठं मिळाल्या?"

"काढ ते!"

"नाय काढायची. लेकीच्या बाळंतपणाचे आहेत."

वरून सारंग ओरडला, "तांडेल, घेऊ काय वर? भोंगा झाला!"

"काढ म्हणतो ना!"

"मग मी जाते परत," मामी म्हणाल्या आणि डोळे उघडले. उघडले ते नेमके लाटेच्या तळाशी. समोर बोटीची काळी भिंत उभी होती. त्या उठू लागल्या. त्यांचा चेहरा असा झाला होता की आता ह्या उठल्या तर मुंबई संपली, हे पडावातल्या सगळ्यांना कळलं. मामांच्या मुलीचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला.

मामांनी पट्टा पडावात टाकला. वहाणा काढल्या. मग गावच्या डझनभर माणसांसमोर, ज्या माणसाला कधी बायकोच्या बरोबरीने रस्त्याने चालताना कुणी पाहिलं नव्हतं, तो त्या खुर्चीत तिच्या शेजारी घुसून बसला, एक हात तिच्याभोवती टाकला, दुसऱ्याने दोर धरला आणि ओरडला, "घे वर!"

खुर्ची उचलली गेली. पडाव खाली गेला आणि ते दोघं वर, पाणी ठिबकत, गोल फिरत, उन्हात. वरून बोलणं ऐकू येत होतं.

"सोडा हो, लोक बघतायत."

"चार बोटं जागा हाय काय?"

"एक बोट पण नाय!"

"मग गप बस."

बोटीचा शेवटचा भोंगा झाला, आणि मामा धोतर-सदऱ्यानिशी, अनवाणी, मुंबईला गेले. त्यांच्या वहाणा आणि तो पट्टा घेऊन मी घरी आलो. गाय मीच सांभाळली. मुलीला मुलगा झाला, लाडू तिला पोचले. बोटी पुन्हा सुरू झाल्यावर दोघं परतले. कोण खुर्चीतून आणि कोण शिडीवरून उतरणार, यावर परतीच्या बोटीवर काही चर्चा झाली नाही म्हणे. सारंगाने न विचारता दोघांची एकच खुर्ची खाली सोडली.

नंतर एका दुपारी झोपाळ्यावर बसलो असताना मी विचारलं, "मामा, खुर्ची वर गेली तेव्हा काय वाटलं?"

"माप चुकलं," ते म्हणाले. "लाडू धरून माप घ्यायला हवं होतं." मग पायाने रेटा दिला, माडांवरून समुद्र वर आला, खाली गेला.

गेल्या वर्षी मामा गेले. झोपाळा आहे तिथेच आहे. दुपारची कामं आटोपली की मामी त्यावर बसतात, अगदी एका कडेला, दुसरी बाजू मोकळी ठेवून. त्या फार वाळल्या आहेत. परवा मी गेलो तेव्हा वारा होता आणि झोपाळा आपोआप हलत होता. पट्टा साखळीला लोंबत होता. मी उठून म्हटलं, "मामी, बांधू का?"

त्यांनी पट्टा हातात घेतला, सावरीचा कापूस बोटांनी जरा सारखा केला आणि परत सोडून दिला.

"नको हो जावईबुवा," त्या म्हणाल्या. "त्यात आता जागा फार राहते."