गाडीपाशी कुणीतरी पाहिजे

बहरीनमधल्या बहुतेक मोठ्या इमारतींच्या दारापर्यंत दाजी गेले होते, आणि त्यांतल्या फारच थोड्यांच्या आत गेले होते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. जनाबियातल्या एका घरी ते ड्रायव्हर होते. मॉल, दवाखाना, शाळा, लग्नाचा हॉल, सगळीकडे माणसांना सोडायचं आणि ती परत येईपर्यंत गाडीपाशी थांबायचं, हे त्यांचं काम. आत काय असतं हो, असं मी विचारलं तर म्हणायचे, "एसी असंल."

नुसतं थांबायचं तर गाडीतला एसी लावून बसणं त्यांना पटायचं नाही. भिंतीच्या सावलीत उभे राहायचे, सावली सरकली की तेही सरकायचे. फोन कायम हातात. त्या घरच्या म्हाताऱ्या मालकीणबाई, मदाम, फोनवर "यल्ला", म्हणजे चला, एवढंच म्हणायच्या, की दाजी इंजिन सुरू करायचे. शुक्रवारी आमच्या ईसा टाउनच्या फ्लॅटवर जेवायला आले तरी खिडकीजवळची खुर्ची धरायचे, खाली लावलेली गाडी दिसावी म्हणून. भरल्या ताटावरून उठून गेलेलं मी त्यांना कितीदा तरी पाहिलं आहे.

आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेला मी पहिला, आणि ते दाजींमुळे. वडील गेले तेव्हा मी बारावीत होतो आणि शिक्षण सोडून कामाला लागणार होतो. ते ऐकून दाजींनी इथून फोन केला, म्हणाले, "त्याला शिकू दे. गाडी चालवायला मी हाय." पुढे इथल्या हिद्दमधल्या कंपनीत माझी मुलाखत होती तेव्हा त्यांनीच मला सोडलं आणि बाहेर उन्हात उभे राहिले. नोकरी मिळाल्याचं सांगितल्यावर पाण्याची बाटली पुढे केली आणि एवढंच म्हणाले, "आता तू आतला माणूस झालास."

त्यांचा स्वतःचा संसार मात्र सुट्टीपुरता होता. लग्नानंतर वर्षभरात ते इकडे आले. दोन वर्षांतून एकदा गावी जायचं, तेही दोन महिने. मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, आणि अक्का घरात एकटी उरली. कायमचे कधी येणार, असं ती फोनवर विचारायची. दाजी म्हणायचे, "इंशाल्ला." इथे राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं, की या एका शब्दात कुणाचं मन न मोडता नाही म्हणता येतं. होता होता अक्कालाही ते कळू लागलं होतं.

गेल्या हिवाळ्यात म्हाताऱ्या मदाम वारल्या. त्यांच्या मुलाने दाजींना सांगितलं, हवं तर थांबा, पण व्हिसा पुढे वाढवायचा की नाही ते लवकर कळवा. त्याच सुमारास माझ्या मुलीच्या, तन्वीच्या शाळेला सुट्टी लागणार होती. मी सगळ्यांची व्हिएन्नाची सहल ठरवली, दाजींना धरून नेलं आणि अक्कालाही गावाहून बहरीनला बोलावलं. चार दिवस दोघं एका छपराखाली राहिली तर काहीतरी ठरेल, असं मला वाटत होतं. अक्का आल्या आल्या मला बाजूला घेऊन म्हणाली, "ह्या खेपेला संगं आले तर आले. पुन्हा विचारणार न्हाई मी."

व्हिएन्नात आम्ही फार चाललो. मला सगळं दाखवायचं होतं. राजवाडे, संग्रहालयं, पूल. रिपरिप पाऊस होता. तन्वीचे पाय दुखत होते, माझी बायको शुभदा ओला नकाशा धरून वैतागली होती. आणि प्रत्येक दारापाशी दाजी म्हणायचे, "तुम्ही जाऊन या. मी हाय हितं." गुडघे दुखत असतील असं मी धरून चाललो. आम्ही आतलं सोनेरी छत बघायचो, बाहेर येईपर्यंत दाजी भिंतीला लागून उभे. संध्याकाळी भाड्याच्या घरात सगळे आपापल्या कोपऱ्यात. दाजी बाल्कनीत, अक्का ओट्यापाशी.

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही शहरातल्या मोठ्या चर्चसमोर उभे होतो. वारा झोंबत होता. तन्वीने दाजींचा हात ओढला. "काका, इट्स वॉर्म इनसाइड."

"जा बाळा," दाजी म्हणाले. "गाडीपाशी कुणीतरी पाहिजे."

आम्ही दोन पावलं पुढे गेलो होतो. अक्का तिथेच थांबली.

"अवो," ती म्हणाली, "पण गाडी कुठाय?"

दाजींनी मागे वळून पाहिलं. खरोखरच पाहिलं. मागे ओली फरशी होती आणि तिच्यावर कबुतरं. शुभदाला हसू फुटलं, ते तिने आवरलं. किल्ली चाचपायला खिशाकडे गेलेला दाजींचा हात तिथेच राहिला.

"मला आत जाऊन काय करायचं ते कळत न्हाई गं," ते म्हणाले. "घरी आलो तरी तसंच व्हतं. दोन म्हैने तू पाव्हण्यावानी ठेवतीस, ते ठीक. जन्मभर कसं जमंल?"

अक्काने छत्री मिटली. "मला तरी कुठं ठावं हाय? घरात माणूस असायची सवं मला बी न्हाई. व्हईल."

आम्ही तिघं आत गेलो. थोड्या वेळाने मी मागे पाहिलं तर दोघं शेवटच्या बाकावर येऊन बसली होती. रंगीत काचांकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दाजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि अक्का तिचं पाणी निपटत होती.

बहरीनला परतल्यावर दाजींनी मालकाला सांगितलं, खलास, आता व्हिसा नको. विमानतळावर मी दाजींना वाकून नमस्कार केला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. अक्काने दोघांचे पासपोर्ट आपल्या पिशवीत घातले आणि ती पुढे चालू लागली.

आता मीच गावी फोन करतो. अक्का उचलते आणि हलक्या आवाजात बोलते. पहिल्यांदा मी घाबरलो, दाजींना बरं नाही का म्हणून विचारलं.

"झोपलेत," ती म्हणाली. "जेवलं की झोपतात ते पार दिवेलागणीपतोर. कूस सुदीक बदलत न्हाईत. इतक्या वर्सांचा शिणवटा हाय त्यो. उठवू का?"

मी नको म्हटलं. मग आम्ही दोघं बराच वेळ हळू आवाजात इकडचं तिकडचं बोलत राहिलो.