सालवडची वीस दारं

एस.वाय.ची परीक्षा संपली त्या मे महिन्यात मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर माझ्या आयुष्याचा आराखडा काढला. आराखड्यांची मला पहिल्यापासून हौस. वर 'टी.वाय. बी.ए., समाजशास्त्र, सहा पेपर', खाली कोणता पेपर कोणत्या महिन्यात वाचून संपवायचा ते, लाल शाईच्या चौकटींसकट. सगळ्यात खाली 'नोकरी' असं लिहिलं आणि पुढची जागा मोकळी सोडली, कारण तिथे काय लिहायचं ते मला ठाऊक नव्हतं. पण कागद दिसायला इतका झकास झाला होता की दांडी गावातल्या आमच्या घरी मी तो दारामागच्या खिळ्याला अडकवला.

आईला वाचता येत नव्हतं, तरी मोकळी जागा तिला बरोबर दिसली.

"हितं काय नाय लिवला?"

"तिथं नोकरीचं नाव येईल, आये."

"कवा?"

"शिकून झाल्यावर."

"डाक्टरकी शिकला का डाक्टर व्हतो. मास्तरकी शिकला का मास्तर. ह्यो तुजा समाजशास्तर शिकून माणूस काय व्हतो?"

मी तिला समाजशास्त्राची व्याख्या सांगितली. पाठ होती. तिने शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाली, "बरा. पन व्हतो काय?"

वडिलांकडे दाद मागायला गेले तर ते जाळं शिवत होते. मान वर न करता म्हणाले, "तुज्या आयशीला इचार."

आईने तोवर स्वतःचा आराखडा केलेलाही होता, तोही कागदाशिवाय. ती रोज सकाळी एस.टी.ने बोईसरला जाऊन सालवडच्या चाळींमध्ये दारोदार मासळी विकायची. तिचं एक गिऱ्हाईक औषधांच्या कारखान्यात पॅकिंगचा सुपरवायझर होतं. त्याने शब्द दिला होता, एक जूनपासून मुलीला पॅकिंगला घेतो. बसून काम, डोक्यावर पंखा. बारा वर्षं उन्हातून टोपली वाहणाऱ्या बाईला तो पंखा किती मोठा वाटत असेल, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त राग आला. मी दोन दिवस जेवणावर रुसले. तिसऱ्या दिवशी कोळंबी होती, मग जेवले.

शेवटी आईने अट घातली. जून लागायच्या आत ह्या शास्त्राची नोकरी दाखव, मग खुशाल शीक. नाही दाखवलीस तर पॅकिंग.

मी पालघरला कॉलेजात आमच्या समाजशास्त्राच्या मॅडमना गाठलं आणि सगळं सांगितलं. बोलताना थोडी रडलेही, ते मॅडमवर चांगलं लागू पडलं. त्या म्हणाल्या, मुंबईची एक संस्था कारखान्यांतल्या कामगारांच्या वस्त्यांची पाहणी करणार आहे. लोकांच्या घरी जाऊन फॉर्म भरून आणणारी माणसं त्यांना हवी आहेत. टी.वाय. करता करता काम, पदवी झाली की कायम. मात्र आधी परीक्षा होती. एक चाळ, वीस खोल्या, एकही घर न गाळता वीस फॉर्म, शनिवारी संध्याकाळपर्यंत. आणि मॅडमनी चाळ दिली ती नेमकी सालवडची.

सोमवारी मी इस्त्रीची साडी नेसून, फाइल छातीशी धरून सकाळी दहाला तिथे हजर. आईला पत्ता लागू नये म्हणून तिच्या नंतरच्या एस.टी.ने गेले होते. पहिलं दार ठोठावलं. कोणी उघडेना. आणखी जोरात ठोठावलं. बनियनवरचा एक माणूस लाल डोळ्यांनी बाहेर आला. "बहनजी, रातभर मशीन पे खड़ा था. अभी आँख लगी थी." दार बंद. दुसऱ्या दारात एका बाईने आत घेतलं, पण मी नाव लिहून पहिलाच प्रश्न विचारला, "यजमानांना पगार किती?" तिने विचारलं, "तुम्ही कुणाकडून आलात?" आणि मला वाटेला लावायला उठून उभीच राहिली. पुस्तकातल्या 'निरीक्षण' पद्धतीचे चारही प्रकार मला घडाघडा येत होते. बुधवारपर्यंत माझ्याकडे तीन फॉर्म होते, त्यातला एक अर्धा.

बुधवारी दुपारी मी चाळीच्या नळापाशी बसले होते. रडत नव्हते, पण तयारी होती. तेवढ्यात समोरून टोपली आली आणि टोपलीखाली आई.

"तीन दिस बगते तुला," ती म्हणाली. "साऱ्या चालीत बोभाटा झालाय. कोन एक पोरगी येते नि झोपलेल्या मानसांना उठवते."

मी सगळं सांगून टाकलं. मला वाटलं आता खूश होऊन पॅकिंगचं काढेल. ती नळावर तोंड धुऊन पदराला पुसत म्हणाली, "तो दरवाजा बग. खिडकीला चादर लावलीय. रातपालीवाला. त्याला सकाली साडेसातला गाटायचा, घरी येतो तवा. आता मेला तरी उटनार नाय. ही सायकल दारात हाय, हा दुसऱ्या पालीचा, दोनपर्यंत मोकला. त्या कडेच्या चार खोल्या मंगलवारी मासलीला शिवत नाय, त्यांच्याकडं मंगलवारी गेली असशील तर माज्या वासानं तुला पन नाय घेतला आत."

मी मंगळवारीच गेले होते. तिथल्या बायांनी मला बरोबर ओळखलं होतं, कारण माझं नाक आईचं आहे.

"आनि पयलाच पगार काय इचारते? मी कवा पयला भाव सांगते? आदी मासली दाखवायची. गाव इचार, पोरांचा इचार. पगार शेवटी."

गुरुवारी साडेसातला आम्ही दोघी एकत्र निघालो. पुढे टोपली, मागे फाइल. आई मासळीचे वाटे लावता लावता विचारायची, "काय भाबी, मुलुक से चिठ्ठी आया?" आणि भाभी बोलायला लागली की माझ्याकडे भुवई उडवायची. मी भराभरा लिहायचे. कोणाचा भाऊ कोणत्या कारखान्यात, कोण घरी सांगून आलंय आणि कोण न सांगता, कोणाचं बाळंतपण गावी झालं नि का, हे आईच्या डोक्यात चाळवार रचून ठेवलेलं होतं. मला तिचा हेवा वाटला, अभिमान वाटला, आणि दोन वर्षं कॉलेजात मी काय केलं असाही प्रश्न पडला.

शुक्रवारी संध्याकाळी एकोणीस फॉर्म झाले होते. उरली फक्त टोकाची खोली. आई रोज त्या खोलीच्या अलीकडच्या दारापासून मागे फिरत होती आणि मी का म्हणून विचारत नव्हते, कारण मला माहीत होतं. ती सुपरवायझरची खोली होती. ते दार वाजलं की आईला पॅकिंगचा जबाब द्यावा लागणार होता, आणि तिचा जबाब काय असेल ते ती काही केल्या सांगत नव्हती. येताना एस.टी.त मी खोदून विचारलं तर म्हणाली, "बोंबील उद्या मिलतील का ते बगाया पायजे."

शनिवारी त्याची सुट्टी होती. आईने टोपली उतरवून उंबऱ्याशी ठेवली. तो बाहेर आला, माझ्याकडे बघून हसला. माणूस खरंच चांगला होता. "मावशी, मग एक तारखेपासून येतेय ना मुलगी? जागा धरून ठेवलीय मी."

आईने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. बोंबील मांडले. एक इकडचा तिकडे केला.

"नाय यायची ती," आई म्हणाली.

"का हो? दुसरीकडे लागली कुठे?"

"व्हय. माज्याच धंद्याला लागली."

त्याने एकदा माझ्या इस्त्रीच्या साडीकडे आणि एकदा बोंबलांकडे पाहिलं. "मासळीच्या?"

"दारोदार जाते. मानसांना बोलती करते. कोन कंच्या पालीला हाय, कोनाच्या घरात काय चाललाय, समदा ठाव लागतो तिला. फकस्त डोक्यावर टोपली नाय." मग आवाज उतरवून ती म्हणाली, "तुमी शबूद दिलावता, तुमचे लय उपकार हाय, दादा. पन तिचा तिला गावलाय."

आईने समाजशास्त्राची व्याख्या केली होती, आणि माझ्या पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा ती मला आवडली. संध्याकाळी घरी जाऊन आराखड्यातल्या मोकळ्या जागेत काय लिहायचं, ते मला तिथेच कळलं: दारोदार जाऊन माणसांना बोलतं करणं.

सुपरवायझर डोकं खाजवत उभा होता. आईने उंबऱ्यावर त्याला जागा करून दिली.

"बसा आता. तुमचा येकच फारम ऱ्हायलाय." आणि माझ्याकडे वळून, मासळीवरची माशी हाकलत, "इचार. आदी गाव."

मी पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "दादा, तुमचं गाव कोणतं?"