अर्धा फेरा

आमच्या कारखान्यात टेबलावर ठेवायचे व्होल्टमीटर बनतात आणि त्यांच्या सर्किटची आखणी करतात ते दशांशकाका. हे नाव आम्हीच पाडलेलं. चहात साखर किती विचारलं, तरी हा माणूस "पावणेदोन चमचे" म्हणणार. प्रत्येक सर्किटमध्ये ते एक चिमुकली चिप घालतात. तिचं काम एकच, कायम अडीच व्होल्ट देणं. बाकी सगळं मोजमाप तिच्या भरवशावर चालतं. ती जरा ढळली की मीटर बिनदिक्कत खोटं बोलतो.

ती चिप तापवलेल्या कथलाने सर्किटच्या पट्टीवर जोडते, म्हणजे सोल्डर करते, ती मी. त्या आठवड्यात बारा मीटर चुकीचे निघाले आणि काका सगळ्यांदेखत म्हणाले, "तू जास्त तापवलीस." मालकांनी सांगून टाकलं, उद्या दुपारपर्यंत कारण सापडलं नाही तर सोल्डरिंग बंद, पॅकिंगला बसायचं. अकरा वर्षं केलेलं काम! मला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

पण प्रकार डोकं फिरवणाराच होता. माझ्या टेबलावर चिप मोजली की २.५०००. काकांनी सर्किट मीटरच्या पेटीत बसवलं की २.४९९२. बाहेर काढलं की पुन्हा अडीच. काकांनी मोजायचा मीटर बदलला, वायरी बदलल्या, पंखा बंद केला, मला लांब उभं केलं. आकडा तोच.

"तापून बिघडलेली चिप बाहेर काढल्यावर बरी कशी होते?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाहीये," म्हणत त्यांनी चष्मा पुसला. दोष मात्र माझ्याच नावावर राहिला.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. भाजी निवडता निवडता त्या म्हणाल्या, "तुझ्याकडे धड असतं आणि त्यांच्याकडे बिघडतं? मग ते काय करतात ते बघ की."

सकाळी बघत उभी राहिले. सर्किट पेटीत बसवताना काका स्क्रू आवळतात ते बोटं पांढरी पडेपर्यंत. त्यांच्या स्क्रूड्रायव्हरला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नाही. कोपऱ्यातला चौथा स्क्रू चिपच्या अगदी शेजारी होता. तो आवळताना सर्किटची पट्टी किंचित वाकली आणि आकडा घसरला.

"काका, तो अर्धा फेरा सैल करा."

"ढिला ठेवायचा?" त्यांना ते सहनच होईना. पण केला. २.४९९६. आणखी थोडा. २.४९९९.

त्यांनी आकड्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "चिप कोपऱ्यात मीच ठेवली," ते पुटपुटले, "आणि मीच तिला पिळत होतो?"

माझी माफी काही मागितली नाही. उठले, मालकांच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं. "बाराच्या बारा माझी चूक. तिची एकही नाही."

परत आले आणि आपला स्क्रूड्रायव्हर माझ्यासमोर ठेवला.

"उरलेले अकरा तू बसव. किती आवळलं म्हणजे पुरे, ते मला कळत नाही."